इंजिनाशेजारची जागा

फोंड्याच्या स्टँडवर आठ दहाला
मी मुद्दाम तीच जागा धरते
जी सहसा कुणाला नको असते:
ड्रायव्हरच्या डाव्या हाताला,
इंजिनाच्या गरम पेटीला गुडघे टेकून,
तोंड मागे, पाठ पणजीकडे.

साडीला डिझेलचा वास लागतो.
तो नोटरीच्या कचेरीत दुपारच्या चहापर्यंत पुरतो.
पुतण्या म्हणतो, आत्ये, हप्त्यावर स्कूटर घे.
त्याला काय सांगू.
स्कूटरवरून फक्त रस्ता दिसतो, बाबा.
मला इथून बत्तीस माणसं दिसतात
एकाच खड्ड्यात एकदम उडणारी,
आणि खाली येताना प्रत्येकाचा चेहरा वेगळा.

मर्दोळला दोघी चढतात, केळीच्या पानात जायांच्या माळा.
मागच्या बाकावर झोपलेला वायरमन
डोळे न उघडता नाक तेवढं पुढे करतो.
मंगेशीला वासू मास्तर.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी रोज पणजीला.
कशाला, ते कुणी विचारत नाही.
एकच्या बसने परततात म्हणे, हातात चार मिरच्या.

दारात लोंबकळत मिंगेल पत्रा बडवतो,
"फाटीं वच, फाटीं! जागो आसा!"
मला दिसतंय ना,
मागे तीळ ठेवायला जागा नाही.
पण तो इतक्या श्रद्धेने ओरडतो
की माणसं पोटं आत घेतात, सरकतात,
आणि खरंच एक पाऊल मावेल एवढी जागा
कुठून तरी येते.

परवा मंगळवारी भोमला कॉन्सू चढली
ती आरसा घेऊन.
कपाटाचा, तिच्या खांद्याएवढा,
कडांना गोणपाट, एका कोपऱ्यातला पारा उडालेला.
जुन्या गोव्याला बहिणीकडे पोचवायचा,
भाचीचं लग्न काढलंय.
मिंगेल म्हणाला, "हाची तिकेट अर्दी काय पुराय?"
"बसलो जाल्यार पुराय," कॉन्सू म्हणाली,
"उबो रावलो जाल्यार फुकट."
अख्खी बस हसली. वासू मास्तरसुद्धा,
त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

तर तो उभाच राहिला, मधल्या वाटेत,
वायरमनचे दोन हात, कॉलेजच्या पोरीचा एक,
कॉन्सूची हनुवटी वरच्या कडेवर,
नेमका माझ्यासमोर.

आणि बाणस्तारीच्या पुलावर
चौदा वर्षांत मला पुढचं दिसलं.
शाणूच्या मानेवरचा तीळ.
हलणारी झेंडूची माळ.
खाडीचं पाणी दोन्ही बाजूंनी उघडत जाणारं,
आणि आमच्याकडे धावत येणारा रस्ता, अजून न झालेला.
समोरच्या काचेवर रंगवलेलं बसचं नाव,
आतून कायम उलटं, म्हणून कधी न वाचलेलं,
आरशात सरळ झालं होतं:
सातेरी माऊली.
खाली बारीक अक्षरात, घाई नाका.
मध्येच एक बाई, मांडीवर डबा,
केस माझ्या समजुतीपेक्षा बरेच पांढरे,
उगाच हसत होती.
मी जरा सरकले. तीही सरकली.

जुन्या गोव्याला आरसा आधी उतरला, मग कॉन्सू.
बस हलली तेव्हा
ती डोक्यावर आडवा धरून चालली होती,
वर माडांचे शेंडे, एक घार, थोडं ऊन,
सगळं तिच्या चालीने हिंदकळत.
वायरमनने हात झटकले
आणि पुन्हा झोपला.

रायबंदरच्या लांब बांधावर मिठागरं लागली.
माझ्यासाठी ती नेहमीसारखी मागे मागे जाणारी.
मिंगेल आला, तिकिटाचे पैसे मोजले,
खिसा चाचपला.
"सुटे नात गो. फाल्यां दितां."
कालचेही दोन आहेत त्याच्याकडे.
मी मागत नाही.